वेल्डर व्हायचं म्हणजे काय शिकायचं?

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तरुण मुलांनो, पुढं जागा आहे, या, बसा. आरती आधी झाली की प्रसाद घेऊन अर्धं सभागृह रिकामं होतं, म्हणून यंदा व्याख्यान आधी आणि आरती नंतर ठेवली आहे. तेव्हा तुमची सुटका नाही.

या व्यासपीठावर आपण बडोदेकर सहसा ज्ञानेश्वरी ऐकतो, शिवचरित्र ऐकतो, नाट्यगीतं ऐकतो, आणि अलीकडे मधुमेह आणि गुडघेदुखीसुद्धा. यंदा वेल्डिंग. विषय फळ्यावर लागला तेव्हा एका काकूंनी विचारलंच, "गणपतीत वेल्डिंग कशाला?" कारण सांगतो. दर वर्षी याच सभागृहात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. चांगलंच आहे. पण 48 टक्क्यांची, 53 टक्क्यांची, गणितात राहिलेली मुलं त्या संध्याकाळी घरी बसतात. त्यांचे आईवडील येतात, दुसऱ्यांच्या मुलांसाठी टाळ्या वाजवतात आणि लवकर निघतात. मग दोन-चार दिवसांनी आम्हाला फोन येतो, आवाज खाली करून. "तुमच्या आयटीआयमध्ये काही होईल का हो? कुणाला सांगू नका." हे बोलणं चारचौघांत, नेहमीच्या आवाजात व्हावं, एवढ्यासाठी आज उभे आहोत.

आम्ही म्हणजे सरकारी आयटीआयमध्ये शिकवणारी माणसं. पदविकेवर नोकरीला लागलो, पदवी नाही. दिवसभर वर्कशॉपमध्ये असतो, त्यामुळं आवाज जरा मोठा आहे, सांभाळून घ्या.

हाताच्या कामाला कमी लेखणं इतर कुठं शोभत असेल तर असो, बडोद्यात शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं. पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असं तिथं शिकवत. चित्रपटवाले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. 1949 साली महाराजांच्या नावाचं विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याचा भाग झालं. म्हणजे या शहराला कारागिरीचं शिक्षण नवं नाही. पण आपले आजे-पणजे महाराजांच्या कचेऱ्यांत लेखणी घेऊन बसले आणि आपण लेखणी हीच आपली जात समजून बसलो. 1965 साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मग एकेक मोठे कारखाने आले. आपली माणसं त्यांत लागली खरी, पण बहुतेक टेबलाकडे. पाइप कुणी जोडले, हे आपण विचारलं नाही.

एक शब्द सांगतो. महाराष्ट्रातल्या आयटीआयच्या पाट्यांवर फिटरला जोडारी, टर्नरला कातारी आणि वेल्डरला संधाता लिहितात. आमच्याकडे सगळे वेल्डरच म्हणतात, पण संधाता हा शब्द आम्हाला आवडतो. सांधणारा. तुटलेलं धरून ठेवणारा.

आता शिक्षण. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा. आठवी पास चालतं, वय 14 पूर्ण हवं. आठवी ऐकून नाक मुरडू नका, आमच्याकडे बारावी सायन्स करून आलेलीही असतात. फी फारच थोडी असते. परीक्षेनंतर राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र मिळतं, आणि मग 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात शिकाऊ म्हणून जाता येतं. तिथं विद्यावेतन मिळतं. कागदावरची माहिती एवढीच. ती वेबसाइटवर असते. तिथं नसतं ते सांगतो.

पहिल्याच दिवशी ठिणग्या उडतील अशी मुलांची अपेक्षा असते. आम्ही हातात कानस देतो. माप घ्या, खूण करा, हॅकसॉनं कापा, कानशीनं धार सरळ करा. मुलं कंटाळतात. दांडिया बाजारात ज्यांनी आखाडा पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, नव्या पोराला आधी माती खणायला लावतात, कुस्ती नंतर. कारण असं की वेल्डिंगमधला निम्मा जोड वेल्डिंगच्या आधी झालेला असतो. धार वेडीवाकडी, मधली फट कुठं दोन मिलिमीटर कुठं चार, त्यावर गंज आणि तेल, तर वरून सोन्याचा हात असला तरी जोड कच्चाच.

मग गॅस. काळं सिलिंडर ऑक्सिजनचं, मरून रंगाचं ॲसिटिलीनचं. ऑक्सिजनच्या जोडाचे आटे उजवे, ॲसिटिलीनचे डावे, म्हणजे चुकूनही एकाचा पाइप दुसऱ्याला बसू नये. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, तेलकट हातही नाही. घरी कडी घट्ट झाली की खोबरेल लावणारी आपली मुलं. ही सवय तिथं जिवावर बेतते, ऑक्सिजनच्या दाबाखाली तेल पेट घेतं. हे आम्ही पहिल्या आठवड्यात इतक्या वेळा सांगतो की मुलं आमची नक्कल करतात. करू देत.

त्यानंतर आर्क. दहा मिलिमीटरची प्लेट, होल्डरमध्ये रॉड. काडेपेटीची काडी ओढल्यासारखा रॉड प्लेटवर ओढायचा आणि ठिणगी पडताच किंचित उचलायचा. उचलला नाही तर चिकटतो, जास्त उचलला तर विझतो. किती उचलायचा? रॉडच्या तारेची जेवढी जाडी, साधारण तेवढंच अंतर. आणि रॉड तर सारखा जळत, आखूड होत असतो. म्हणजे हात सतत खाली न्यायचा, त्याच वेळी पुढं सरकवायचा, आणि हे सगळं काळ्या काचेतून. काचेतून वर्कशॉप दिसत नाही, प्लेट दिसत नाही, फक्त वितळलेल्या लोखंडाचं वाटाण्याएवढं डबकं दिसतं. त्या डबक्याकडे बघायला शिकणं म्हणजे वेल्डिंग शिकणं. नवशिका मुलगा आर्कच्या प्रकाशाकडे बघतो. ज्याची नजर प्रकाशावरून डबक्यावर येते तो पुढं जातो. कुणाची आठ दिवसांत येते, कुणाची दोन महिन्यांत.

कानही लागतात. करंट बरोबर असला की कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा आवाज येतो. फटफट आवाज आला की अंतर जास्त. जुने वेल्डर पाठमोरे उभे राहून सांगतात, "ए, रॉड वर जातोय तुझा."

रॉडवर 6013 किंवा 7018 असा आकडा असतो. पहिले दोन आकडे जोडाची ताकद सांगतात, 60 म्हणजे चौरस इंचाला 60 हजार पौंड, 70 म्हणजे 70 हजार. साध्या ग्रिल-खिडकीला 6013 चालतो. बॉयलर, दाबाची टाकी, पूल असं काम आलं की 7018. या 7018 ला ओल अजिबात चालत नाही. आपल्या श्रावणात पापड मऊ पडतात ना, तसं याचं वरचं लेपण ओल धरतं. त्या पाण्यातला हायड्रोजन जोडात शिरतो, आणि जोड दिसायला उत्तम असूनही एक-दोन दिवसांनी आतून तडकतो. म्हणून हे रॉड भट्टीत भाजतात आणि साइटवर छोट्या गरम डब्यात ठेवून एकेक काढतात. आमच्या एका विद्यार्थ्यानं साइटवर डब्याचा प्लग काढलेला पाहून काम थांबवलं होतं. मुकादम ओरडला. पोरगा नवा, तरी रॉड भाजून येईपर्यंत बसून राहिला. असं काही ऐकलं की आम्हाला पगारवाढ मिळाल्यासारखं वाटतं.

डोळ्यांविषयी जरा थांबून बोलायचं आहे, कारण यात आईवडिलांचा जीव अडकलेला असतो आणि तो योग्य जागी अडकलेला आहे. आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर लगेच काही होत नाही. सहा-आठ तासांनी, म्हणजे नेमकं मध्यरात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. अतिनील किरणांनी डोळ्याचा बाहेरचा पडदा भाजतो, उन्हानं कातडी भाजावी तसा. मग कुणी बटाट्याचे काप ठेवतं, कुणी दुधाचे थेंब टाकतं. बटाटा एक वेळ ठीक, डोळ्यांत दूध वगैरे घालू नका, डॉक्टरकडे जा. बहुधा दिवस-दोन दिवसांत बरं वाटतं, पण हे पुन्हा पुन्हा होऊ देणं बरं नव्हे. शंभर ॲम्पिअरच्या आसपास काम असेल तर दहा-अकरा नंबरची काच लागते. गॉगल म्हणजे काच नव्हे. रस्त्यावर एका हातानं तोंड आडवं करून, डोळे मिटून टॅक मारणारे दिसतात, त्यांना आमची मुलं आता नावं ठेवतात. ठेवू देत.

दुसरं, धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. हे लपवून मुलं भरती करायची आमची इच्छा नाही. धंद्यात समजूत आहे की गूळ खाल्ला की धूर उतरतो. गूळ खुशाल खा, पण डोकं धुराच्या बाहेर ठेवा, मास्क लावा, बाजूनं धूर ओढणारा पंखा लावा. समोरून वारा मारणारा नको, कारण सीओ-टू आणि टिग वेल्डिंगमध्ये वाऱ्यानं गॅसचं कवच उडतं आणि जोड जाळीदार होतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडताना तर विशेष जपायचं, त्या धुरानं संध्याकाळी थंडीताप येतो. ज्या जागी मालक काच, हातमोजे आणि पंखा देत नाही, तिथं मुलाला ठेवू नका. दुसरी जागा मिळते.

हात बसला की मग पोझिशन. प्लेट आडवी ठेवून खाली करणं सोपं. उभ्या भिंतीवर खालून वर जाणं कठीण, कारण वितळलेलं लोखंड खाली यायला बघतं. डोक्यावर करणं त्याहून कठीण, ठिणग्या कॉलरमध्ये जातात. म्हणून सुती कपडे, नायलॉन नाही, पँटची टोकं दुमडलेली नाहीत, चामड्याचा ॲप्रन. आणि शेवटी सहा जी. पाइपचे दोन तुकडे 45 अंशांत तिरके पक्के बांधतात. पाइप फिरवायचा नाही, माणसानं त्याच्याभोवती फिरायचं. त्या एका जोडात खालचं, उभं, आडवं, डोक्यावरचं सगळं येतं. पहिला थर, ज्याला रूट म्हणतात, तो पाइपच्या आतल्या बाजूला सारखा उतरायला हवा, आणि आतलं तर दिसत नाही. हे जमलं तर पाइपच्या कामात बहुतेक दारं उघडतात.

परीक्षेत काय करतात? जोडाची पट्टी कापून यंत्रात इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवतात. अमेरिकन संहितेप्रमाणे वाकवलेल्या भागात तीन मिलिमीटरहून मोठी उघडी चीर दिसली तर नापास. किंवा एक्स-रे काढतात. इथं वशिला चालत नाही. ओळखाण कितीही मोठी असो, फिल्मवर काळा ठिपका आला की आला. गणितात 35 मिळवायला धडपडलेली मुलं आम्ही या यंत्रापाशी श्वास रोखून उभी पाहिली आहेत. पट्टी वाकते, चीर नसते, आणि पोरगं ती गरम पट्टी तशीच हातात घेऊ बघतं.

आणखी एक. हे सर्टिफिकेट लग्नाच्या सर्टिफिकेटसारखं कायमचं नसतं. त्याच संहितेप्रमाणे सहा महिने त्या पद्धतीचं काम केलं नाही तर पात्रता संपते. बॉयलरच्या कामाला भारतीय बॉयलर नियमांखाली वेगळी परीक्षा असते, तीही मुदतीची.

आता पोटापाण्याचं. वर्षभर आयटीआय केलं की सहा जी वेल्डर होतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हात तयार होतो रॉड जाळून, आणि आमच्याकडे रॉड आणि प्लेटा ठरलेल्या मापात येतात. वीस मुलांत वाटायच्या. आम्ही आसपासच्या कारखान्यांतून भंगार प्लेटा मागून आणतो, एकेका प्लेटवर दोन्ही बाजूंनी काम करतो. पक्का हात नंतर दोन-तीन वर्षं कामावर होतो. मकरपुऱ्याच्या छोट्या शेडमध्ये पहिला पगार ऐकून वडील हिरमुसतात. काम बहुधा ठेकेदारामार्फत, कायम नोकरी क्वचित. रिफायनरीचं शटडाउन आलं की रात्रंदिवस काम, संपलं की पुढच्या साइटची वाट बघणं. ज्याला संध्याकाळी सहाला घरचा चहा हवा त्यानं या धंद्यात पडू नये. आणि सगळ्यांना जमतही नाही. काहींचा हात थरथरतो, काहींना उष्णता सोसत नाही. त्यांना आम्ही पहिल्या दोन महिन्यांतच सांगतो. त्यात लाज नाही, दुसरे ट्रेड आहेत.

आखाताचं आमिष फार असतं. काही एजंट पैसे घेऊन न दिलेल्या परीक्षेचं सर्टिफिकेट हातात देतात. तिकडं उतरल्यावर पहिल्याच दिवशी कूपन वेल्ड करायला लावतात आणि पितळ उघडं पडतं. जायचं असेल तर एजंट 1983 च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदलेला आहे का, ते आधी पाहा. आणि एक व्यवहाराची गोष्ट. दहावी पास नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा शेरा येतो, मग ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते. म्हणून आठवीवर प्रवेश मिळत असला तरी मुलाची दहावी पूर्ण करून घ्या.

आपल्यातल्याच एका घरची गोष्ट, नाव सांगत नाही. वडील बँकेतून निवृत्त, मोठा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरमध्ये. धाकट्याला डिप्लोमाला घातलं, तो गणितात दोनदा राहिला. तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा तर मुलगा बोलेनासा झाला. जेवायला खोलीतून बाहेर येईना. आई एकटीच आमच्याकडे आली. प्रवेश झाला, पण पाहुण्यांना सांगितलं कॉम्प्युटर कोर्स. बाप वर्षभर वर्कशॉपकडे फिरकला नाही. दिवाळीच्या सुमारास आजोबा मात्र आले, ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. त्यांना हेल्मेट धरून दिलं. त्यांनी काचेतून नातवाचं काम पाहिलं, जोड गार झाल्यावर खपली उडवलेली पट्टी बोटानं चाचपली आणि म्हणाले, "ही तर हिच्या आईच्या सुईची टीप आहे." 'हिच्या' म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, सासूबाई शिवणकाम करायच्या. ती पट्टी घरी नेली. मुलगा आता पाइपलाइनवर टिगचा रूट मारतो, कधी जामनगरकडे, कधी ओडिशात. लग्नासाठी स्थळं बघताहेत आणि बायोडाटामध्ये वडिलांनी 'इंजिनियरिंग लाइन' असं लिहिलंय. आम्ही त्यांना म्हटलं, साहेब, सरळ वेल्डर लिहा, ज्याला समजेल तोच दारात येईल. अजून बदललेलं नाही. ते आज या सभागृहात बसलेत, आणि हसताहेत, म्हणजे बदलतील.

(शेवटी प्रश्न विचारले गेले. एका वहिनींनी विचारलं, मुलीला चालेल का?) चालेल. आमच्या तुकड्यांत मुली येतात, थोड्या, पण येतात. टिगमध्ये एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तार, दोन्ही हातांचा वेग वेगळा. तिथं ताकद लागत नाही, सबुरी लागते. मुलीच्या कामाच्या जागेची चौकशी मात्र स्वतः जाऊन करा. शेड कशी आहे, स्वच्छतागृह आहे का, परतायला वाहन काय, हे पाहा. हे प्रश्न मुलासाठीही विचारायला हरकत नाही.

जाता जाता एक काम. परवा विसर्जनाच्या ट्रॉलीला मंडळाच्या अंगणात टॅक मारायचे आहेत, आमचीच दोन मुलं येतील. त्या वेळी जमीन ओली नको, थर्माकोल आणि पडदे दूर हवेत, वाळूची एक बादली जवळ ठेवा. आणि लहान मुलांना गंमत बघायला पुढं उभं करू नका. आरती सुरू करायची ना आता?